घराचा हिशेब डोंगरापासून

पुण्याहून वाघोलीकडे किंवा मोशीकडे गेले की अर्धे कापलेले डोंगर दिसतात. काळ्या दगडाचे सरळ तुटलेले कडे, खाणीच्या तळाशी साचलेले पाणी आणि वर खडी क्रशरची धूळ. शहरात गेल्या काही दशकांत उभ्या राहिलेल्या इमारतींचे मूळ बऱ्याच अंशी इथे आहे. स्लॅबमधली खडी इथली, नदीची वाळू मिळेनाशी झाल्यापासून सर्रास वापरली जाणारी क्रश सँडही अशाच खाणींतली. सिमेंटचा चुनखडक चंद्रपूर जिल्ह्यातून किंवा कर्नाटकातून येतो, सळई जालन्याच्या रोलिंग मिलमधून, आणि विटांची माती कुठल्यातरी नदीकाठच्या सुपीक शेतातून. घरात राहायला जाणाऱ्या कुटुंबाच्या हाती यातले काहीच लागत नाही. त्यांना चौरस फुटांचा भाव कळतो आणि महिन्याचे वीजबिल कळते.

शाश्वत वास्तुरचनेविषयी आपल्याकडे जे बोलले जाते तेही बहुतेक वेळा या वीजबिलापासून सुरू होते. गच्चीवर सौर पॅनेल, एलईडी दिवे, प्रवेशद्वारापाशी हिरवळ आणि भिंतीवर मानांकनाची पाटी असली की इमारत हिरवी ठरते. हे पुस्तक तो हिशेब मागे नेते, थेट खाणीपर्यंत. इमारत वापरताना किती ऊर्जा लागते हा प्रश्न महत्त्वाचा आहेच; पण इमारत उभी करताना काय खणले, काय जाळले, किती पाणी ओतले आणि पाडल्यावर त्याचे काय झाले, हे विचारल्याशिवाय पहिला प्रश्न अपुरा राहतो. या प्रस्तावनेत मला या विषयाची एकंदर जमीन वाचकापुढे मांडायची आहे, म्हणजे पुढचे लेख कुठे उभे आहेत ते समजेल.

आधी सिमेंट समजून घेऊ, कारण पुढच्या बहुतेक वादांचे मूळ तिथे आहे. भट्टीत चुनखडक तापवला की त्यातला कार्बन डाय-ऑक्साइड सुटून जातो आणि चुना उरतो. चिकणमातीबरोबर तो साधारण १४५० अंश सेल्सिअसपर्यंत भाजला की क्लिंकर तयार होते. सिमेंट बनताना जो कार्बन हवेत जातो त्यातला निम्म्याहून अधिक खुद्द दगडातूनच बाहेर पडतो, उरलेला इंधनातून. म्हणून उद्या सगळ्या भट्ट्या सूर्याच्या ऊर्जेवर चालल्या तरी हा प्रश्न अर्धाही सुटणार नाही. जगातल्या एकूण कार्बन डाय-ऑक्साइड उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सात ते आठ टक्के मानला जातो. इमारती बांधणे आणि वापरणे दोन्ही धरले, तर ऊर्जेशी निगडित उत्सर्जनाचा एक तृतीयांशाहून अधिक भाग या एका क्षेत्राच्या नावावर पडतो. भारतासारख्या देशात हे आकडे आणखी बोलके होतात. पुढच्या काही दशकांत आपल्याकडे ज्या इमारती उभ्या असतील, त्यांतल्या पुष्कळशा अजून बांधायच्या आहेत. चुका टाळायला जागा शिल्लक आहे.

संसाधने जपून वापरण्याची विद्या आपल्याकडे नवी नाही. कान्हेरीला विहारांच्या शेजारी खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत, शिलालेखांत ज्यांना पोढी म्हटले आहे. डोंगरउतारावरचे पावसाचे पाणी पन्हळींनी त्यांत आणले जाई आणि त्यावर भिक्षूंची वस्ती कोरड्या महिन्यांत तग धरी. घर आणि पाणी यांची आखणी एकाच हाताने झालेली होती. कोकणात जांभ्याचा चिरा खाणीतून काढताना मऊ असतो, हवेवर तो घट्ट होतो. त्यामुळे साध्या हत्यारांनी, भट्टी न पेटवता भिंत उभी राहते. उतरते कौलारू छप्पर आणि चारी बाजूंची पडवी त्या भिंतीला पावसाच्या माऱ्यापासून वाचवते. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांत काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ तुकडे बसवलेले असत. उजेड आत येई, डोळे दिपत नसत. देशावरच्या वाड्यात खाली दगड, वर वीट किंवा पांढरी माती, आत सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा आणि मध्ये चौक. वाडा उतरवला की त्याचे खांब, दारे, चौकटी दुसऱ्या घरात जात. जुन्या लाकडाला गिऱ्हाईक असे, कारण ते पुन्हा जोडता येईल अशाच रीतीने जोडलेले असे.

पण इथे थांबून परंपरेचे गोडवे गाणे मला धोक्याचे वाटते, आणि महाराष्ट्रात तर कुणालाच ती मुभा नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात किल्लारी आणि आजूबाजूच्या गावांत हजारो माणसे आपल्याच घरांखाली गाडली गेली. ती घरे स्थानिक साहित्याची होती, गवंड्यांच्या पिढीजात ज्ञानातून बांधलेली होती, आणि उन्हाळ्यात थंड होती. दोन-तीन फूट जाडीच्या भिंती बाहेरून भक्कम दिसत. प्रत्यक्षात त्या म्हणजे दगडाचे दोन वेगळे पदर आणि मधे माती-डबर भरलेली पोकळी. दोन्ही पदरांना बांधून ठेवणारे आरपार दगड फार थोड्या भिंतींत होते. वर माळवदाचा मातीचा जाड थर होता. जो थर दुपारचे ऊन अडवत होता, तोच हादऱ्यात खाली आला. लाकडी खणांचा सांगाडा शाबूत असलेली काही घरे भिंती ढासळूनही उभी राहिली, यातून पुष्कळ शिकण्यासारखे होते.

भूकंपानंतर जे घडले तेही या विषयाच्या दृष्टीने तितकेच महत्त्वाचे आहे. सर्वाधिक नुकसान झालेली ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. रुंद सरळ रस्ते, आखीव प्लॉट, काँक्रीटच्या छताची घरे. ती सुरक्षित होती, पण मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तापणारी होती आणि जनावरे, कडबा, ओसरीवरचे बसणे यांना त्यांत जागा नव्हती. दुसरीकडे, ज्या गावांत घरे जागच्या जागी दुरुस्त केली गेली तिथे आरपार दगड बसवणे, भिंतींवरून काँक्रीटचा सलग पट्टा फिरवणे, माळवदाचा भार कमी करणे असे साधे उपाय झाले. जुने टाकून न देता, त्यातला जीवघेणा दोष शोधून दुरुस्त करण्याचा हा मार्ग मला या सगळ्या विषयाचा गाभा वाटतो. परंपरेची परीक्षा घ्यावी लागते. ती पास झाली तर स्वीकारावी, आणि नापास झाली तर नेमकी कुठे हे बघून सुधारावी.

आधुनिक काळात हवामानाला धरून रचना करण्याचा विचार शास्त्र म्हणून आकाराला आला तो विसाव्या शतकाच्या मध्यावर, आणि त्याचा एक धागा भारतातून जातो. नाझी जर्मनीतून बाहेर पडलेले ओटो कोनिग्सबर्गर १९३९ मध्ये म्हैसूर संस्थानात वास्तुविशारद म्हणून आले. ऊन, वारा, पाऊस यांचा हिशेब मांडून घर कसे आखावे हे त्यांनी इथे काम करता करता जुळवले आणि पुढे लंडनमध्ये उष्ण प्रदेशांच्या वास्तुरचनेचे शिक्षण उभे केले. १९६३ मध्ये व्हिक्टर ओल्जे यांचे ‘डिझाइन विथ क्लायमेट’ आले आणि सूर्याच्या वाटा, वाऱ्याच्या दिशा, माणसाला सुखद वाटणारे तापमान हे सगळे आलेखांत मांडता येते हे विद्यार्थ्यांना कळले. १९७३ च्या तेलटंचाईने पाश्चात्त्य देशांना या अभ्यासाकडे वळवले. तोवर तिथे स्वस्त इंधनाच्या भरवशावर काचेचे बंद मनोरे उभे राहत होते.

मातीचा धागा वेगळा. इजिप्तमध्ये हसन फाती यांनी १९४० च्या दशकात लक्सरजवळ नवे गुर्ना हे गाव कच्च्या विटांनी, लाकडाचा आधार न घेता उभारलेल्या कमानी-घुमटांनी बांधायला घेतले. रचना सुंदर होती. पण ज्यांच्यासाठी ती होती त्या गावकऱ्यांना तिथे जायचेच नव्हते आणि प्रकल्प अर्धवट राहिला. वापरणाऱ्याचे मत विचारल्याशिवाय त्याच्यासाठी साधेपणा ठरवता येत नाही, हा धडा तिथून मिळतो. सेवाग्रामची बापू कुटी त्याच्या नेमकी उलट बाजूला उभी आहे. तिथे राहणाऱ्यानेच मर्यादा घालून घेतली होती. माती, बांबू, लाकूड, कौले आणि हाताशी असलेले कारागीर एवढ्यात ती झाली.

लॉरी बेकर यांच्यावर या पुस्तकात स्वतंत्र लेख आहे, तरी त्यांच्याबद्दल दोन शब्द इथे लिहिल्याशिवाय राहवत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईत जहाजाची वाट पाहत असताना या तरुण इंग्रज वास्तुविशारदाची गांधीजींशी भेट झाली. घर पाच मैलांच्या परिसरात मिळणाऱ्या साहित्यातून बांधावे, हा विचार त्यांनी तिथे ऐकला आणि जन्मभर पाळला. १९४५ मध्ये ते भारतात परतले, आधी कुमाऊँच्या डोंगरात आणि नंतर केरळात राहिले. तिरुवनंतपुरमचे सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज हे त्यांचे सर्वात परिचित काम. त्यांची थोरवी मला त्यांच्या बारीक हिशेबात दिसते. विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या ठेवल्या की नऊ इंची भिंतीच्या पोटात पोकळी राहते. सुमारे पाव हिस्सा विटा वाचतात आणि पोकळीतली हवा उष्णता अडवते. स्लॅबच्या खालच्या भागात ताण सळई घेते, तिथले बरेचसे काँक्रीट नुसते वजन असते. म्हणून तिथे जुनी मंगलोरी कौले भरायची. गिलावा नको, कारण चांगली रचलेली वीट स्वतःच देखणी असते. प्रत्येक ठिकाणी प्रश्न एकच: हे काढले तर काय बिघडेल? कोस्टफोर्ड ही संस्था १९८५ पासून हे काम पुढे नेत आहे. गवंड्याला जास्त वेळ आणि जास्त कौशल्य लागते, म्हणून पैसा सामानाकडून मजुरीकडे वळतो. ज्या देशात हातांना काम हवे आहे तिथे हा मुद्दा सौंदर्याइतकाच वजनदार आहे.

बेकर केरळात बांधत होते त्याच सुमारास बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ मध्ये अमूल्य रेड्डी यांच्या पुढाकाराने ‘अस्त्र’ हा ग्रामीण तंत्रज्ञानाचा उपक्रम सुरू झाला आणि तिथे दाबून घट्ट केलेल्या, थोडे सिमेंट मिसळलेल्या मातीच्या विटांवर प्रयोगशाळेत काम झाले. ऑरोव्हिलमध्ये त्याच जातीच्या विटांनी बहुमजली इमारती आणि मोठे घुमट बांधले गेले. वर्ध्याला ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने ग्रामीण कारागिरांबरोबर हेच केले, आणि २००१ च्या भूकंपानंतर कच्छमध्ये हुन्नरशाला या संस्थेने. या विटा भाजाव्या लागत नाहीत. भट्टीचा कोळसा वाचतो आणि पुष्कळदा पायाच्या खोदाईतली मातीच भिंतीला लागते. मर्यादाही आहेत. सगळी माती चालत नाही, तपासावी लागते, आणि वीस मजले मातीवर उभे राहत नाहीत. उंच इमारतींसाठी सिमेंट बदलावे लागेल. स्वित्झर्लंड, क्युबा आणि भारतातल्या संशोधकांनी मिळून घडवलेले एलसी-थ्री सिमेंट त्या दिशेने आहे. त्यात क्लिंकर निम्म्यावर येते आणि उरलेली जागा भाजलेली चिकणमाती व न भाजलेला चुनखडक घेतात. कार्बन तीस ते चाळीस टक्क्यांनी घटतो.

तिसरा प्रवाह आधुनिक वास्तुविशारदांचा. चार्ल्स कोरिया यांचे मुंबईतले कांचनजंगा सगळ्यांच्या परिचयाचे आहे. मुंबईत समुद्र आणि वारा पश्चिमेला. पण तिकडूनच दुपारचे ऊन आणि पावसाचा मारा. जुन्या बंगल्यांनी व्हरांडा देऊन हा पेच सोडवला होता, कोरियांनी तोच व्हरांडा दुमजली बाग करून उंच मनोऱ्यात नेला. तरीही त्यांच्या कामात मला बेलापूरची वसाहत अधिक मोलाची वाटते. लहान प्लॉट, सात-सात घरांमध्ये एक अंगण, कुणाचीही भिंत दुसऱ्याशी सामाईक नाही, त्यामुळे ज्याला जसे जमेल तसे वाढवता येते. बाळकृष्ण दोशी यांनी इंदूरच्या अरण्य वसाहतीत गरीब कुटुंबांना ओटा आणि संडास-न्हाणीचा गाभा दिला आणि बाकी घर त्यांच्यावर सोडले. घर एकदाच पूर्ण बांधून द्यायची वस्तू नाही, हे दोघांनी ओळखले होते.

मानांकनांविषयी थोडक्यात. १९९० मध्ये ब्रिटनमध्ये ब्रीअम, त्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत लीड, मग २००७ मध्ये आपल्याकडे ‘गृह’ आणि त्याच वर्षी ऊर्जा संवर्धन इमारत संहिता, २०१८ मध्ये घरांसाठी इको निवास संहिता. या सर्वांनी मोजायची भाषा दिली, हे त्यांचे मोठे काम. भिंती-खिडक्यांतून आत शिरणारी उष्णता दर चौरस मीटरला १५ वॅटच्या आत ठेवा, असे इको निवास संहिता सांगते. हा नियम कुठल्याही पाटीपेक्षा उपयोगाचा आहे. खोट इतकीच की बहुतेक मोजमाप दर चौरस मीटरला होते. चार माणसांसाठी पाच हजार चौरस फुटांचे घर उत्तम गुण मिळवू शकते, आणि चाळीतल्या दोनशे फुटांत संसार करणाऱ्याच्या काटकसरीची नोंद कुठेच होत नाही. माणशी हिशेब मांडला तर पुरस्कारांची यादी बदलेल.

सर्वात नवा प्रवाह म्हणतो, आहे ते पाडू नका. फ्रान्समधल्या बोर्दो शहरात अॅन लकातों आणि जाँ-फिलिप व्हासाल यांनी सहकाऱ्यांबरोबर ग्राँ पार्क वसाहतीतल्या ५३० घरांचे नूतनीकरण २०१७ मध्ये पूर्ण केले. जुन्या इमारतींना बाहेरून नवे खोल सज्जे जोडले, प्रत्येक घराला उजेड आणि जागा मिळाली, रहिवासी सगळा वेळ आपापल्या घरांतच होते. दोघांना २०२१ चा प्रिट्झकर पुरस्कार मिळाला.

मुंबई-पुण्यातल्या वाचकाला हे वाचून पुनर्विकास आठवेल, आणि आठवायलाच हवा. आपल्या शहरांतला संसाधनांचा सगळ्यात मोठा निर्णय आज सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत होतो. तीस-चाळीस वर्षांची इमारत पाडायची, तिचे राबिट कुठल्यातरी खाडीत किंवा नाल्यात जायचे, आणि वाढीव एफएसआयवर तिप्पट-चौपट काँक्रीट उभे करायचे. पाडकामाच्या कचऱ्यासाठी २०१६ पासून नियम आहेत, अंमल अपुरा आहे. मी हे म्हणताना रहिवाशांची बाजू विसरत नाही. गळके छत, लिफ्टविना चढणारे म्हातारे आईवडील, एका खोलीत तीन पिढ्या. त्यांना मोठे घर फुकट मिळण्याचा दुसरा मार्ग आजच्या व्यवस्थेत जवळपास नाही. काही इमारती खरोखर धोकादायक आहेत आणि पाडायलाच हव्यात. पण दुरुस्तीचा पर्याय प्रामाणिकपणे मोजलाच जात नाही, कारण दुरुस्तीत विकायला नवे मजले निघत नाहीत.

आणि नवे बांधलेले चांगले असतेच असे नाही. मुंबईत मानखुर्द-गोवंडी भागातल्या पुनर्वसन वसाहतींची २०१८ मध्ये पाहणी झाली. दोन इमारतींत जेमतेम काही मीटरचे अंतर. खालच्या मजल्यांवर ऊन पोचत नाही, वारा फिरत नाही. अशा घरांत क्षयरोगाचे प्रमाण जास्त आढळले. झोपडीतून पक्क्या घरात आलेल्या माणसाला हवा आणि उजेड नाकारणारी रचना कितीही कमी वीज वापरो, तिला शाश्वत म्हणता येणार नाही. दोन इमारतींमधले अंतर हा सौंदर्याचा किंवा सवलतीचा प्रश्न नसून आरोग्याचा आहे.

पुनर्विकासाइतकेच उष्णता हेही हे सारे आजच बोलण्याचे कारण आहे. २०१९ च्या राष्ट्रीय शीतकरण आराखड्यात वीस वर्षांत थंडाव्याची मागणी सुमारे आठपट होईल असा अंदाज आहे. प्रत्येक एसी घरातली उष्णता उपसून गल्लीत टाकतो, गल्ली तापते, शेजाऱ्यालाही एसी घ्यावा लागतो. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी भारतीय इमारतींत केलेल्या मोठ्या पाहणीतून दिसले की खिडक्या उघड्या असतील आणि बाहेरची सरासरी ३० अंशांच्या आसपास असेल, तर आतले २९ अंश आपल्याकडच्या लोकांना सुखाचे वाटतात. पाश्चात्त्य कार्यालयांसाठी ठरवलेले २२-२३ अंश आपण विनाकारण स्वीकारले आहेत. पश्चिमेच्या भिंतीवर सावली, खिडकीवर पुरेसा छज्जा, छताला पांढरा चुना किंवा चिनी मोझेक, समोरासमोर खिडक्या: यांतले काहीही महाग नाही. अहमदाबादनेच २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला, आणि तिथल्या वस्त्यांत बायकांनी पत्र्याची छपरे पांढरी रंगवून घेतली. पाण्याचे तर २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत पडलेल्या ९४४ मिलिमीटर पावसाने सांगूनच ठेवले आहे. नदी बुजवून, अंगणे फरश्यांनी झाकून शहर बांधले की पाणी घरात येते.

या पुस्तकात वास्तुविशारद, अभियंते, नगररचनाकार आणि प्रत्यक्ष बांधणारे कारागीर यांचे अनुभव एकत्र आले आहेत. सगळ्यांची मते जुळत नाहीत, आणि ती जुळवण्याचा प्रयत्न संपादनात केलेला नाही. उंच आणि दाट शहरच जमीन वाचवते असे मानणारे लेख इथे आहेत. चार-पाच मजल्यांची, अंगणांची दाट वस्ती पुरेशी आहे असे मानणारेही आहेत. माझा कल दुसऱ्या बाजूला आहे, कारण लिफ्ट, पंप आणि जाड स्तंभ यांचा हिशेब उंचीबरोबर झपाट्याने वाढतो. पण वाचकाने दोन्ही वाचून ठरवावे. मराठीत या विषयावर जे लिहिले गेले ते बहुतांशी गावाच्या घरांबद्दल होते. शहराच्या सामान्य फ्लॅटबद्दल, सोसायटीबद्दल, भाड्याच्या खोलीबद्दल मराठीत बोलणारे पुस्तक हवे होते, आणि ही पोकळी भरण्याचा हा प्रयत्न आहे. सूत्रे आणि तक्ते जिथे अटळ होते तिथेच ठेवले आहेत.

विद्यार्थ्यांनी हे पुस्तक जरूर वाचावे, पण माझी खरी विनंती सोसायट्यांच्या समित्यांवर काम करणाऱ्यांना आहे. पुनर्विकासाच्या करारावर सही करण्यापूर्वी इमारतीची संरचनात्मक तपासणी विकासकाशी संबंध नसलेल्या अभियंत्याकडून करून घ्या, दुरुस्तीचा खर्च वेगळा लिहून मागा, नव्या नकाशात दोन इमारतींतले अंतर आणि खालच्या मजल्यावर पोचणारे ऊन विचारा, आणि पाडकामाचा माल कुठे जाणार ते करारात लिहून घ्या.